जिजाबाईचा हुंदका आणि माझे इंग्रजी

महाल, नागपूर
१२ नोव्हेंबर १९२६

तीर्थस्वरूप श्रीधरमामांचे चरणी चंपतचा साष्टांग नमस्कार. उमरेडची थंडी आणि तुमचा दमा यांचे यंदा कसे जमते आहे ते कळवावे. इकडे मी धडधाकट आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

तुम्ही छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेल्या इंग्रजीवर मी सेशन कोर्टात दुभाषी झालो, हे तुम्ही गावभर सांगितलेत. आता पुढचेही ऐका. कवडू नावाच्या विणकरावर खुनाचा खटला होता. त्याची आई जिजाबाई साक्षीला उभी राहिली. त्या संध्याकाळी मुलगा घरी होता का, एवढेच तिला विचारले. तिची नजर कवडूच्या बेडीकडे गेली, तोंडातला शब्द हुंदक्यात अडकला, आणि बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "होता जी, घरीच होता." जज्जसाहेबांनी मला विचारले, मध्ये काय झाले? हेझिटेट हा शब्द मला शाळकरी वाटला (तुमच्या वर्गातले मठ्ठातले मठ्ठ पोरही तो वापरते), म्हणून छाती फुगवून म्हणालो, व्हॅसिलेट. साहेब खूश. "व्हेरी गुड," म्हणाले आणि लिहून घेतले.

मामा, पंगतीत तिसरा लाडू घेताना मी थबकतो ते हेझिटेट. मामींनी डोळे वटारल्यावर तुमचा निश्चय डळमळतो ते व्हेव्हर. घर कौलारू बांधावे की धाब्याचे, यावर तुम्ही नऊ वर्षे झोके घेत आहात (तेवढ्यात गवंडी म्हातारा झाला) ते व्हॅसिलेट. जिजाबाईचा फक्त आवाज अडखळला होता. त्याला फॉल्टर म्हणतात. निकालात मात्र आले की खुद्द आईच हो-नाही करत होती, तिच्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही. कवडूला फाशी.

वकिलाने निकाल समजावून सांगितल्यावर जिजाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. भांडली नाही. म्हणाली, "मी तं रडून राहिली होती जी. रडनं इंग्रजीत लिहिता येत नाई काय?" तुमच्या भाचेसुनेने, गोपिकेने, पाणी पुढे केले, ते तिने घेतले नाही. दुसऱ्या दिवशी मी शब्द चुकल्याचे प्रतिज्ञापत्र लिहून तिच्या वकिलाच्या हाती दिले. अपील सोमवारी आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
चंपत

ता. क. नोकरी गेली. गोपिकेला अजून सांगितलेले नाही. मामींना सोबत हवी आहे असे काहीतरी लिहून तिला रविवारच्या आत बोलावून घ्या.

आणखी एक. वर 'चुकल्याचे' लिहिले आहे, ते खरे नाही. तिचे डोळे भरलेले मला समोर दिसत होते. शब्द तोंडातून निघतानाच कळले होते. साहेबांनी शाबासकी दिली, म्हणून मागे घेतला नाही. प्रतिज्ञापत्रात हे नाही. सोमवारी कोणी विचारो न विचारो, उभा राहून सांगणार आहे. मग मलाही आत जावे लागेल असे वकील म्हणतो. गोपिका त्या दिवशी नागपुरात नसावी.