कातळ मोकळा ठेवण्याबाबत

मी, कुमारी नंदा सहदेव तांबे, वय सव्वीस, शिक्षण बी. ए., भारतीय महिला हॉकी संघाची खेळाडू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडला आहे तो उजवा गुडघा. सोमवारी मुंबईत त्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "अगदी किरकोळ," आणि जिवाला धोका असल्याच्या कागदावर सही घेतली. मी दोन्हींवर विश्वास ठेवला.

आमच्या घरात आजवर कोणी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे कोणाकडे काही नव्हते. माझ्याकडे आहे.

बँकेतील शिल्लक माझी आई गोदा हिला मिळावी. तिने ती स्वतःच्या दातांवर खर्च करावी, माझा भाऊ प्रमोद याच्या लग्नाच्या मंडपावर नाही.

उत्कृष्ट खेळाडू म्हणून मिळालेले प्रेशर कुकर व इस्त्र्या वाडीतल्या बायकांनी वाटून घ्याव्यात. माझा खेळ पाहून प्रत्येक संयोजकाला माझ्या संसाराची काळजी का वाटली, हे पदवीपर्यंत शिकूनही मला कळले नाही.

परदेश दौऱ्यासाठी मिळालेला निळा कोट प्रमोदला. तो पुरुषांच्या मापाचा होता. बाह्या आईने आत दुमडून शिवल्या होत्या, त्या उसवाव्यात. प्रमोद तो घालून मुलगी पाहायला गेला आणि लग्न जमले. देशाचा कोट घरात कोणाच्या तरी कामी आला, याचा मला आनंदच आहे.

सत्काराच्या व्यासपीठावरून मला जाहीर झालेला भूखंड, मिळाल्यास, आईचा. 'मिळाल्यास' हा शब्द वकिलांच्या सल्ल्याने घातला आहे.

आता मुख्य गोष्ट. देवरूखच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीमागचा कातळाचा तुकडा मी पहिल्या नोकरीच्या पगारातून विकत घेतला. तो माझ्या एकटीच्या नावावर आहे. तिथेच वाकड्या फांदीने मी हॉकी शिकले. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, चेंडू सुसाट जातो, आणि पाय कसा टाकायचा हे न शिकणाऱ्याचे दात पडतात. पहिल्या शिबिरात पाणी मारलेल्या टर्फवर इतर मुली घसरत होत्या. प्रशिक्षकांनी विचारले, "तू कुठल्या टर्फवर शिकलीस?" मी म्हटले, "आमच्या कातळावर." ते हसले आणि मला संघात घेतले.

गेल्या वर्षी संघ जिंकून आला तेव्हा वाडीने माझा सत्कार ठरवला. जागा कुठली, तर जिथे नंदा शिकली तीच. कातळात मंडपाचे खांब रोवता येत नाहीत, म्हणून गोलपोस्टसमोर सुरुंग लावून खड्डे पाडले. मी हार घालून त्या खड्ड्यांच्या मधोमध उभी राहिले आणि ग्रामीण भागातील क्रीडासुविधांवर भाषण केले. टाळ्या चांगल्या पडल्या.

मंडप उतरला, खड्डे राहिले. पावसाच्या तोंडावर भिकाजीकाकांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाने, त्यांत माती भरून हापूसची कलमे लावली.

मी म्हटले, "काका, जागा माझी आहे."

"अगो नंदे, मी कुठं नाय म्हणतोय? पण खड्डे आयते झालेत. ते काय तुझ्या सत्काराची आठवण म्हणून रिकामे ठेवायचे?"

त्यांची मुलगी तेजल तिथेच होती. "बाबा, तिथं आम्ही गोल मारतो."

"मग आता आंबे पडतील. ते निदान विकता तरी येतात."

वाडीतल्या मुली अजून त्या कलमांना वळसा घालून खेळतात. वळसा घेण्यात त्या पटाईत झाल्या आहेत, पण सरळ फटका विसरत चालल्या आहेत. शिवाय काका आता उरलेल्या कातळातही सुरुंग लावायचे म्हणतात. मी मेले तर जागा आईकडे जाईल. वडील गेल्यापासून आई दिराचा शब्द मोडत नाही. ते दाखवतील तिथे अंगठा उठवील.

म्हणून हा संपूर्ण कातळ मी तेजल भिकाजी तांबे हिला देत आहे. ती सज्ञान आहे आणि डावीकडून माझ्यापेक्षा चांगली खेळते. अट एकच: तिथे मुलींनी खेळावे, दुसरे काही पिकवू नये. लावलेली कलमे काकांनी मुळांसकट न्यावीत आणि खड्डे चिऱ्याने भरून द्यावेत. माझ्या दोन्ही स्टिक तेजलच्या. त्यांना हार घालून भिंतीवर टांगू नये, मोडेपर्यंत वापराव्यात.

माझे स्मारक, पुतळा, वाचनालय काही करू नये. शोकसभा घ्यायचीच असेल तर ती मंडपाशिवाय घ्यावी.

या सर्वाची अंमलबजावणी माझ्या शाळेतल्या बाई सुमेधा लिमये यांनी करावी. साक्षीला मी बाईंबरोबर मुद्दाम काकांना बसवले आहे. सामना सुरू होण्याआधी नियम दोन्ही बाजूंना माहीत असावेत, असे मला वाटते. सगळे मोठ्याने वाचून दाखवले. काका मधेच उठून अंगणात गेले, पाणी प्याले, परत आले. सहीआधी त्यांना काही लिहायचे आहे म्हणाले. लिहू दिले आहे.

ठिकाण: देवरूख, जि. रत्नागिरी
दिनांक: ९ मार्च २००२

लिहून देणार: नंदा सहदेव तांबे

साक्षीदार:
१. सुमेधा लिमये, निवृत्त शिक्षिका

२. पोरीने आमच्या समोर सही केली. ती शुद्धीवर आहे. जागेचे लिहिले ते मला मान्य नाही. परंतु भांडण मेलेल्या माणसाशी करता येत नाही, तरी नंदाने बरे होऊन यावे. तोवर सुरुंग लावणार नाही.
भिकाजी तांबे