घेणारा : स्वतः

२ एप्रिल, लातूर

नोकरी लागली, खोली मिळाली आणि ही नवी वही घेतली. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या म्हणून नोंद करतो. मी आनंदराज, राहणार विष्णुपुरी, नांदेड. बारावीला इंग्रजीत राहिलो, पण अक्षर चांगलं आहे, हे कुरिअरच्या मालकांनीही मान्य केलं. काम असं : एक दिवस लातूरहून नांदेडला जाऊन परत, दुसऱ्या दिवशी निलंग्याला जाऊन परत. सगळं एसटीने, पाठीवर काळी बॅग.

घरमालकीण पार्वतम्मा एकट्याच राहतात. पोचल्या पोचल्या त्यांनी भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला करून दिली, वर शेंगदाण्याचं कूट. मी दोनदा वाढून घेतली. "लाजू नको लेकरा, फिरतीचा माणूस पोटावरच चालतो," म्हणाल्या.

६ एप्रिल

बसच्या वेळा पाठ झाल्या. लोहा, अहमदपूर, चाकूर : कुठे किती मिनिटं थांबते तेही लिहून ठेवलं आहे. अहमदपूरच्या स्टँडवरची भजी चांगली असतात.

महांतेश आठ वर्षं या कामात आहे. माणूस उदगीरचा, तोंडात कायम सुपारी. त्याने आज एक गोष्ट शिकवली. घर बंद असलं, कुणी दार उघडलं नाही, तर पार्सल ऑफिसात परत जमा करायचं नाही, बॅगेतच ठेवायचं. मोबाइलवर आपणच बोटाने सही मारायची, घेणाऱ्याच्या जागी 'स्वतः' लिहायचं आणि पुढच्या फेरीला नेऊन द्यायचं. सहाच्या आत सगळ्या नोंदी हिरव्या दिसल्या की मालक खूश. मी घाबरलो तसा तो हसला. "पार्सल काय पळून जातंय व्हय? लई भितोस बाबा तू."

९ एप्रिल

आज नांदेडच्या ऑफिसात दामिनीताई नावाच्या बाई एक पुडकं घेऊन आल्या. त्यांचे वडील पंचाक्षरी अप्पा निलंग्याला एकटे असतात. काल नांदेडला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या वेळी गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट काढून ताईंकडे दिलं होतं. अप्पा पहाटेच घरी गेले आणि डबी ताईंकडेच राहिली. ताईंच्या मुलीची परीक्षा चालू आहे, त्यांना जाता येत नाही. दोनदा बजावलं, "अप्पा लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा घोटसुदिक घेत न्हाईत. उद्या मिळालंच पाहिजे दादा."

हातात देतो म्हणून मी शब्द दिला. त्यांनी वाटेसाठी दोन धपाटे बांधून दिले. चाकूरच्या आधीच संपले.

१० एप्रिल, निलंगा

ऊन फार होतं. अकरा पार्सलं. अप्पांचं घर गल्लीच्या अगदी शेवटी, तिथे पोचलो तेव्हा दोन पंचवीस झाले होते. परतीची बस दोन चाळीसची. ती चुकली तर बॅग सहाच्या आत ऑफिसात पोचत नाही.

तीनदा दार वाजवलं. आतून क्षीण आवाज आला, "आलो, आलो." मग भिंतीला हात धरून कुणी सरकत यावं तसा आवाज. सर्र. थांबून पुन्हा सर्र. मी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. आणि निघालो.

औशाच्या पुढे आल्यावर बसमध्ये सही मारली. घेणारा : स्वतः. हिरवी खूण आली. लगेच ताईंचा मेसेज : अप्पा फोन उचलेनात म्हणून घोर लागला होता, मिळालं हे बघून जीव भांड्यात पडला.

पुडकं बॅगेत तळाशी आहे.

११ एप्रिल

आज नांदेडची फेरी. ताईंच्या गल्लीतली पार्सलं महांतेशला दिली. उद्या निलंग्यात उतरल्यावर पहिलं घर अप्पांचंच.

१२ एप्रिल

दारात माणसं होती.

काल संध्याकाळी शेजारणीने माणसं बोलावून कडी मोडून घेतली. अप्पा दाराच्या आतच, भिंतीला टेकून, मांडी घालून बसलेले होते. तोंड दाराकडे. तीन दिवस पोटात पाणी नाही, असं सगळे म्हणत होते. आजही त्यांना बसवूनच नेलं, फुलांनी सजवलेल्या खुर्चीवर, कपाळभर भस्म, एका डोळ्यावर पट्टी. खड्ड्यातही बसवलं. लिंगायतांत तशीच रीत आहे. डाव्या तळहातावर माणसाचं स्वतःचं लिंग ठेवतात.

विधी करणाऱ्या स्वामींनी लिंग मागितलं. दामिनीताईंनी घरातली एकूण एक पेटी उपसली होती. "मिळालं म्हणून आलं होतं की मला! अप्पानं घेतलं म्हणून आलं होतं!" असं त्या प्रत्येकाला मोबाइल दाखवून सांगत होत्या.

मी तिथेच उभा होतो. बॅग पाठीवर होती. चेन उघडायची, एवढंच करायचं होतं. उघडली असती तर सही कुणी केली, हे कळलं असतं.

स्वामींनी दुसरं लिंग ठेवलं. त्यावर अप्पांची बोटं मिटेनात.

१३ एप्रिल

सकाळपासून घास उतरत नाही. भाकरी चावतो, ती तोंडात मातीसारखी होते. पाणीही बाहेर येतं. पार्वतम्मा म्हणाल्या, ऊन लागलं असेल. कांदा दिला.

१४ एप्रिल

निलंग्याच्या बसमध्ये कंडक्टरने माझ्या हातात दोन तिकिटं ठेवली. एक माझं, एक ज्येष्ठ नागरिकाचं. मी एकटाच आहे म्हणालो. तो मागच्यांना ऐकू जाईल असं हसला. "आजोबाला काय डिक्कीत घालून नेतोस व्हय? पाय तर पसरू दे म्हाताऱ्याला, मांडी घालून बसलंय बिचारं."

शेजारची जागा रिकामी होती. सीटचं रेक्झिन दबलेलं होतं. हात ठेवला. गरम.

निलंग्याला उतरलोच नाही. त्याच बसने परत आलो.

१५ एप्रिल

दोन दिवस पाणी नाही. ओठ फुटले. दुपारी पुडकं फोडलं. का, ते सांगता येत नाही. लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं आपोआप मिटली. मग पाणी प्यायलो. एक घोट. उतरला.

लिंग खाली ठेवलं आणि दुसरा घोट घेतला. सगळा अंगावर आला.

म्हणजे ही तहान माझी नाही. सही अप्पांच्या नावाची मी केली. घेणारा मी झालो —

नको मला ते. महांतेशला सगळं सांगितलं आणि डबी त्याच्याकडे दिली. ताईंना दे म्हणालो, पाया पड म्हणालो. तो पहिल्यांदाच हसला नाही.

१७ एप्रिल

चूक झाली. डबी द्यायला नको होती. आता थेंबही उतरत नाही. बसलो की मांडी घातली जाते. सोडवताना दोन्ही हात लावावे लागतात.

पार्वतम्मा लग्नासाठी उदगीरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "उपास सोड की रे लेकरा, कुणाचा धरलास?"

१८ एप्रिल

महांतेशचा फोन. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, शिवी दिली नाही. डबीला हात लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "ज्याची सही हाय त्याचंच ते आता. त्यालाच नेऊन द्या."

त्याने पार्सल माझ्या नावाने पाठवलं आहे. तो स्वतः इकडे यायला तयार नाही. माझ्या जागी नवा माणूस घेतला आहे, तो आणेल. उद्या दुपारपर्यंत. मी विचारलं, नक्की ना. हातातच देईल ना.

तो म्हणाला, शब्द दिलाय त्याने.

१९ एप्रिल, सकाळ

दाराकडे तोंड करून बसलो आहे. मांडी सुटत नाही. कडी आतून लावलेली, ती वर आहे. हात पोचत नाही. काल का लावली —

दुपार

जीभ हलत नाही. डावा हात उघडा धरून ठेवला आहे. मिटत नाही.

दोन पंचवीस

वाजलं. दार वाजलं. तीनदा. "आलो, आलो" — मीच म्हणालो. आवाज माझा नाही. भिंतीला धरून सरकतोय. सर्र. थोडंच राहिलं. वही सुटत नाही हातातून —

मोबाइल वाजला. हिरवी खूण.

घेणारा : स्वतः.

पावलं चालली. जिन्यावरून खाली. पळतोय तो, बस असेल त्याची — अरे थांब. मी आत आहे. दाराच्या आतच आहे. एवढी कडी —