सप्टेंबरातली शिबंदी

१४ सप्टेंबर २००९, नांदेड

अकरमचं पाकीट आलं. सात वर्षांनी! उदगीरच्या एसटीच्या कंडक्टरनं क्लासवर आणून दिलं. पोस्ट नावाची गोष्ट या माणसाला अजून पटलेली दिसत नाही. आत निकाहची पत्रिका — २ ऑक्टोबर, ईदनंतरचा दुसरा शुक्रवार — आणि एक सीडी. सीडीवर मार्करनं 'बिदर' लिहिलेलं. चिठ्ठी नाही.

मी जाणार नाही. सीडीही बघणार नाही.

१५ सप्टेंबर

बघितली.

१७ सप्टेंबर

मुक्तिदिनाची सुट्टी. झेंडावंदन करून आलो आणि कॉम्प्युटरपुढं बसलो ते दुपारी लोडशेडिंगनं उठवलं.

अख्खं लातूर आठवलं. २००१. दोघंही बारावी रिपीट करत होतो. शहरात जिकडंतिकडं क्लासच्या पाट्या, आणि खोलीला खोली चिकटलेली सगळी आमच्यासारखीच पोरं. अकरमनं वडिलांचा जुना कॉम्प्युटर 'अभ्यासासाठी' आणला आणि हैदराबादहून एका गेमची सीडी. जगाचा नकाशा, एक राज्य निवडायचं आणि शेदोनशे वर्षं चालवायचं. आम्ही बिदर घेतलं, कारण नकाशात उदगीर नव्हतंच. लातूर तर सोडाच!

राज्य एक, राजे दोन. माझी बॅच सकाळची, त्याची दुपारची. जो खोलीवर असेल तो खेळायचा आणि दुसऱ्यासाठी कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवायचा. त्याच्या चिठ्ठ्या म्हणजे वडिलांच्या आडतीवरची भाषा. 'एका प्रांतात वीस हजार कशाला कोंबलेस? खातील काय, तुझं डोकं? निम्मे मागं धाड.' मी घोडदळ पाठवायचो. तो आधी धान्य बघायचा, रस्ते बघायचा, मग म्हणायचा, 'आता चल.' आणि खरंच, माझ्या निम्म्या माणसांत तो लढाई मारायचा. फिजिक्सचं पुस्तक मात्र दोघांनीही तेवढ्या मन लावून वाचलं नाही.

किती सुखाचं वर्ष होतं ते! तेव्हा वाटायचं, कधी एकदा संपतंय.

२० सप्टेंबर

सीडीवर अकरा सेव्ह फायली आहेत. मी सोडलं तिथून त्यानं एकट्यानं राज्य पुढं नेलंय. आपण गमावलेलं बिदर परत घेतलंय पठ्ठ्यानं.

गमावलं होतं मी. लिहूनच टाकतो.

फेब्रुवारी २००२. विजापूरशी लढाई चार वर्षं रेंगाळली होती. अकरमची एकच चिठ्ठी — 'काही करू नको. फक्त बिदर धर.' मी धरून बसलो होतो. तेवढ्यात गेममधला २९ सप्टेंबर आला. मी किल्ल्यातली सगळी शिबंदी बाहेर काढून मैदानात उभी केली. दर सप्टेंबरला करायचो, चोरून. दोन दिवसांनी परत आत. त्या खेपेला विजापूर वेशीवरच होतं. सरळ आत शिरलं.

अकरम क्लासहून आला, पडद्याकडं बघितलं आणि दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही. "किल्ला उघडा टाकून मैदानात काय करून राहिलास रे? भ्यालास न्हाई का? भित्रा हायस तू!"

मी म्हणालो, "आडत्याच्या पोराला लढाईतलं काय कळतंय?"

त्याच संध्याकाळी वळकटी उचलून दुसऱ्या खोलीवर गेलो. कारण त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

२१ सप्टेंबर

ईद. रूमवर असताना त्याच्या आईचा शिरखुर्मा एसटीनं आला होता, निम्मा डब्यात, निम्मा पिशवीत. आज त्याला फोन करायला काय हरकत होती? पत्रिकेवर नंबर आहे. केला नाही.

२४ सप्टेंबर

अकरमच्या लढाया बघतोय. गेम सगळ्याची नोंद ठेवतो, सुरुवात अमुक तारखेला, तह तमुक तारखेला. एकूण चौदा लढाया. एकही ऑक्टोबरच्या आधी सुरू नाही, एकही ऑगस्टच्या पुढं गेलेली नाही! पाच लढायांत तर जिंकत असताना तह केलाय. दोन किल्ले हातातोंडाशी आले होते, तेही सोडले.

आधी हसलो. मग डोक्यात आलं — अरे, हा खरीप! रास घरात आली की निघायचं, पुढच्या काढणीच्या आधी परत. शेवटी उदगीरच्या मोंढ्यातला माणूस. मला कधी जमलं नसतं. मी जिंकत असताना थांबलोच नसतो.

एक फाईल तेवढी उघडली नाही. तिच्यावर २९ सप्टेंबरची तारीख आहे. त्या आकड्याला मी हात लावत नाही.

२८ सप्टेंबर, गाव

दसरा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरा शर्ट घालून विहारात जाऊन आलो. बाबांचं आजही तेच, बोलणं कमी, तासन्‌तास दाराबाहेर खुर्ची टाकून बसणं.

आईला पत्रिका दाखवली. नाव वाचून दाखवताच ती म्हणाली, "ह्यो तर डबेवाला!"

"कोण डबेवाला?"

"तुमचं भांडण झालं तवा तुझा डबा त्याच्याच खोलीवर ऱ्हायला होता. त्यो धुऊन घेऊन आला न्हवं का हितं, एसटीनं. भाकर खाल्ली. लई येळ बसला होता. आपल्या महामायाच्या फोटोपुढं."

"तू मला सांगितलं नाहीस!"

"त्यानंच नको म्हणलं. तू गेलाच न्हाईस का अजून त्याच्याकडं?"



२९ सप्टेंबर, नांदेड

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. विसर्जनाची मिरवणूक बघून आलो आणि अंगणातच आडवा झालो. महामायाताई आत झोपली. कुडाचं घर काढून बाबांनी त्याच वर्षी दगडाची भिंत घातली होती, गावातल्या मोठ्या घरांसारखी. केवढा अभिमान होता आम्हाला त्या भिंतीचा! पहाटे चारच्या आत जमीन हलली आणि सगळं झालं. ज्यांचं कूड होतं ते वाचले. त्यानंतर कितीतरी महिने गावात कुणी छपराखाली झोपलं नाही.

आज बाहेर. गच्चीवर अंथरूण टाकलंय.

३० सप्टेंबर

ती फाईल उघडली.

२९ सप्टेंबर १५४९. कुठंच लढाई नाही. चौतीस किल्ले, एकेक करून बघितले. सगळे रिकामे. प्रत्येकाची शिबंदी बाहेर, मैदानात. नोंदी मागं मागं नेल्या. दरवर्षी तेच. २९ ला बाहेर, १ ऑक्टोबरला आत.

काढणी नव्हे, खरीप नव्हे. याच्यासाठी ऑगस्टातच लढाया संपवत होता.

खूप रडलो. मग फोन लावला. त्यानं पहिलंच विचारलं, "काल भाईर झोपलास ना?"

उदगीरची एसटी उद्या सकाळी सहाला आहे.