पॅटसी क्वीलीच्या अकरा चाली

मी, डेलिया मॅरिनन, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, गावच्या पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त, राहणार किलशॅना, काउंटी क्लेअर, हे माझ्या उजव्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. डावा हात मात्र जानेवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यापासून निम्माच माझा राहिला आहे, आणि घाई त्यासाठीच. मला कोणी भरीस घातलेले नाही. १९९८ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. घर, परस आणि दोन एकर कुरण माझा भाचा डेक्लन याला. त्याने घर उन्हाळी पाहुण्यांना भाड्याने दिले तरी माझी हरकत नाही. चुलीजवळचे बाक तेवढे हलवू नये. त्याखालची फरशी सुटली आहे, कोणीतरी पडेल.

२. दलदलीतली जळणाची माती खणायचा पट्टा शेजारी मिको डाउन्स याला. म्हणूनच त्याला साक्षीदार होता येत नाही, हे नीट समजावूनही तो दोन दिवस फुगून बसला होता.

३. पोस्टात जे असेल त्यातून माझा अंत्यविधी, लोकांना हॅम सँडविच व चहा, आणि ज्यांना लागते त्यांना व्हिस्की. उरले तर चर्चच्या छपराला.

४. फिडल, म्हणजे आमच्याकडचे व्हायोलिन, माझ्या वडिलांचे. त्याची व्यवस्था लावण्याआधी ते कोणासाठी वाजले हे सांगणे भाग आहे.

पॅटसी क्वीली हा आमच्या भागातला पाईप्सवाला, भात्याच्या हवेवर नळ्या वाजवणारा. कोपराखाली भाता, मांडीवर नळ्या, आणि त्या नळ्या जुन्या, इतरांपेक्षा दीड स्वर खालच्या. त्याच्याबरोबर वाजवायला कोणी राजी नसे, कारण आपले वाद्य उतरवावे लागे. १९५८ साली मी तारा सैल केल्या आणि त्याच्या शेजारी बसले. एकवीस वर्षे बसले. लोक म्हणत, डेलियाचे फिडल सर्दी झाल्यासारखे वाजते.

पाईप्सवाल्याला फिडलचा उपयोग काय, हे न वाजवणाऱ्याला कळत नाही. आमच्याकडची ओल नळ्यांतल्या रीडमध्ये, म्हणजे स्वर काढणाऱ्या वेताच्या पातीत, शिरते. एखादा स्वर किंचाळतो, एखादा मध्येच बसतो. तेव्हा फिडलने तो स्वर धरून ठेवायचा, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाऊल चुकत नाही. शिवाय त्याच्या नळ्यांतली प्रत्येक मुरड मी तारेवर उतरवत गेले. खर्जाच्या नळ्यांसाठी शेजारची तार सोबत ओढायची. तो नळी मांडीवर दाबून स्वर तोडायचा, तिथे मी तो गजाने तोडत असे. पॅटसी म्हणायचा, "तू चालत राहतेस, म्हणून मला पडायची भीती नाही."

आम्हा दोघांबद्दल गावाला जे वाटत होते ते खरे नव्हते. माझ्या बाजूने थोडे खरे होते. ते त्याला ठाऊक नव्हते.

५. १९७७ साली त्याची बोटे आखडू लागली. त्याच्या आजोबांकडून आलेल्या अकरा चाली दुसऱ्या कोणालाही येत नव्हत्या. स्वर लिहून ठेवणे त्याला येत नव्हते, मलाही नाही, आणि टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्याला तो उंबऱ्याच्या आत घेत नसे. त्या हिवाळ्यात दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो माझ्या स्वयंपाकघरात बसून एकेक चाल माझ्याकडून घोटून घेई. अकरावी पक्की झाली त्या दिवशी म्हणाला, "या तुझ्या नाहीत हं, डेलिया. माझ्या उनाच्या आहेत. मोठी होऊन तिनं नळ्या हातात घेतल्या, की देऊन टाक." उना त्याची एकुलती, तेव्हा चार वर्षांची. मी हो म्हटले.

१९७९ च्या मार्चमध्ये तो गेला. अंत्यविधीला मी फिडल घेऊन चर्चच्या फाटकाशी पोहोचले, तर त्याची बायको सिस आडवी आली. सगळ्यांदेखत, आवाज न चढवता म्हणाली, "इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसलीस. आज ती जागा माझी. तू मागं शेजाऱ्यांत बस, आणि ते खोकं गाडीत ठेवून ये."

मी ठेवून आले. त्या दिवसापासून त्या चाली मी दार लावून एकटीनेच वाजवल्या.

६. उना १९९७ साली माझ्या दारात उभी राहिली. बापाच्या नळ्या तिने दुरुस्त करून घेतल्या होत्या. म्हणाली, "मिस मॅरिनन, बाबांच्या चाली तुमच्याकडे आहेत, असं लोक सांगतात. शिकवाल मला?" चहासुद्धा न विचारता मी सांगितले, की आता काही आठवत नाही. हे खोटे होते. पुढच्याच वर्षी मी मृत्युपत्र केले आणि फिडल माझ्याबरोबर पुरावे असे त्यात लिहिले.

२००४ च्या उन्हाळ्यात ती गावच्या हॉलमध्ये वाजवत होती. लहानपणी दाराआडून ऐकलेली बापाची एक चाल तिने धरली. पहिला भाग आला, दुसऱ्याची वाट सापडेना. पहिलाच पुन्हा वाजवून तिने कसाबसा शेवट केला. मी तिसऱ्या रांगेत होते. फिडल पायाशी होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

७. यंदा इस्पितळातून घरी आल्यावर फिडल हनुवटीखाली धरले, तर डाव्या हाताची शेवटची दोन बोटे तार दाबेनात. मी मिकोला उनाकडे पाठवले. ती त्याच दुपारी नळ्या घेऊन आली. मी सगळे सांगितले: तिच्या बापाने ठेवलेली ठेव, चर्चचे फाटक, माझे खोटे. तिने भात्यावर हात ठेवला. म्हणाली,

"तुम्हाला आईला शिक्षा करायची होती. अहो, आईला एक चाल दुसरीपासून ओळखू यायची नाही. ती गेली तेव्हा तिला पत्तासुद्धा नव्हता. उपाशी राहिले ती मी."

 

तरी ती दर मंगळवारी येत राहिली. उरलेल्या दोन बोटांनी आणि तोंडाने बोल म्हणून मी सात चाली तिच्या नळ्यांत घातल्या. पाचवीला तिने मध्येच थांबून डोळे पुसले आणि मला पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावले. बाकीच्या चार आल्या नाहीत. त्या माझ्या डोक्यात कधी नव्हत्याच, बोटांत होत्या.

८. त्या सात चालींबद्दल मी काही देत आहे असे समजू नये. त्या उनाच्याच होत्या. फिडल उना निवडेल त्या वाजवणाऱ्याला द्यावे. तिच्याबरोबर बसताना त्याने तारा उतरवाव्यात. कुरकुर करणारा असेल तर देऊ नये. उनाने मला माफ केले असे माझ्यामागे कोणी बोलू नये. ती तसे म्हणालेली नाही, आणि मी विचारलेले नाही.

९. राहिलेल्या चार चालींची नावे येथे नोंदवते, म्हणजे त्यांच्या शोधात कोणी पायपीट करणार नाही: 'हेहिरांचा आंधळा घोडा', 'मीठ संपलं', 'पुलावरची लग्नघाई', 'नोराची ओली गंजी'. त्यांना वारस होता, तो हयात आहे, आणि त्याला त्या मिळालेल्या नाहीत. याला मी जबाबदार आहे, दुसरे कोणी नाही.

सही: डेलिया मॅरिनन

वरील मजकूर डेलिया मॅरिनन यांनी आम्हाला स्वतः वाचून दाखवला, सातव्या कलमाशी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या व पुढे वाचून आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यादेखत सह्या करत आहोत. आम्हा दोघांना यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार:
डॉ. ग्रॉनिया लिलिस
जेरोम कॉन्सिडाइन, निवृत्त शाळामास्तर

स्थळ: किलशॅना, काउंटी क्लेअर
सोमवार, ९ सप्टेंबर २०१९