तेवता फळा

६ फेब्रुवारी १९५६
मॅनेजरसाहेबांना पेच पडलाय. गिरणीत नवे ऑटोमॅटिक माग सोळा, त्यांवर देखरेखीला जयवंत एकटा. कुठला माग बंद पडला, हे त्याला लांबून कळावे कसे? मी म्हटले, दिव्यांचा फळा. मी महिनाअखेर रिटायर. फळा जमला तर एक्स्टेन्शन, असे साहेब बोलले. म्हणजे मिळालेच.

८ फेब्रुवारी
वायरमन राजाराम म्हणतो, माग बंद पडला की दिवा लागू दे. अरसिक माणूस. दिवा काय वाईट बातमी द्यायला लावतात? चालत्या मागाचा दिवा तेवेल, बंद पडला की शांत होईल. ठरले. रात्री शाळेतली दीपोत्सवाची कविता सौ. सुभद्रेला म्हणून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. कान इकडेच असावेत.

१३ फेब्रुवारी
फळ्याला नारळ फोडला. सोळा दिवे बघून डोळे भरून आले. जयवंत म्हणाला, "तात्या, दिवाळी झकास. पण पंधरा पेटलेल्यांत एक विझलेला शोधू कसा?" 'विझलेला' शब्द लागला मनाला. होईल सवय.

१४ फेब्रुवारी
सातवा दिवा गेला. जयवंत धावला. माग मजेत चालू, बल्ब उडालेला. तेवढ्यात अकरावा माग खरोखर बंद. दोष बल्बांचा.

१६ फेब्रुवारी
दुपारी सगळेच दिवे शांत. साहेबांचा केबिनमधून हुकूम, फ्यूज बघा. तासभर शिडीवर. फ्यूज ठीक. खात्यात एवढी प्रसन्न शांतता की दोन ओळी सुचल्या. मग राजाराम दारातून म्हणाला, "उतरा खाली, तात्या. गिरणीत कोण नाय. सगळे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला चाललेत." म्हणजे फळा खरेच सांगत होता! साहेबांना हे पटवले. त्यांनी कपाळाला हात लावला. पटले असावे.

२८ फेब्रुवारी
फळा उतरवला. धूळ बसते म्हणून, असा माझा अंदाज. एक्स्टेन्शन मात्र मिळाले! साहेब म्हणाले, फळ्यापेक्षा माणूस बसवू. मी स्टुलावर बसायचे, माग बंद दिसला की जयवंतला झेंडी दाखवायची. कल्पना माझीच, फक्त वायरिंग वाचले. सुभद्रेने विचारले, झेंडी तरी नीट धराल ना?

१ मार्च
पहिला दिवस. मागांचा ठेका असा लयीत, की चौथीतली कविता सलग आठवत गेली. सहाव्या कडव्याला खांद्यावर हात. जयवंत.
"तात्या, दोन माग बंद पडलेत. तुम्हाला सांगून ठेवतो."