चिमणीच्या पाठीचं माप

३ जून
आजपासून रोजनिशी. घरात माझं कुणी ऐकत नाही आणि दुकानात मशीनपुढे माझं मलाच ऐकू येत नाही.

शाळेच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, तुमच्या मुलीचं वजन वयाच्या मानाने बरंच जास्त आहे. पोटाचा भार पुढे ओढतो, म्हणून कंबरेत आत बाक आलाय आणि पाठ दुखते. मी म्हणालो, चिमणी जन्मल्यापासून तिचे कपडे मीच शिवतो. बाक असता तर माझ्या टेपला कळला नसता का?

(कळला होता. म्हणून तर फ्रॉक पुढून लांब आणि मागून आखूड कापतो. याला फिटिंग म्हणतात.)

५ जून
डॉक्टरांनी एका व्यायामवाल्या ताईकडे पाठवलं. पायात खेळाचे बूट, हातात टेप नाही की खडू नाही. चिमणीला चालायला, बसायला, वाकायला लावलं. म्हणाली, पावलं फाकून टाकते, गुडघे आत वळतात, पोटापाठीचे स्नायू कच्चे आहेत. उपाशी ठेवू नका, वजनावरून बोलू नका, सारखं ‘ताठ बस’ म्हणू नका. रोज भरपूर खेळू द्या.

एवढं तर कुणीही सांगेल.

परतताना चिमणी रस्ताभर ताईबद्दलच बोलत होती. माझ्याशी एकच वाक्य, बाबा हळू चाल.

८ जून
मला हेवा वगैरे वाटत नाही. तशी नोंद असावी.

संकल्प: रोज सकाळी चिमणीला मीच फिरायला नेणार.

९ जून
ढग होते. गेलो नाही.

१० जून
ढग नव्हते. ऊन लागलं असतं.

११ जून
गेलो! कोपऱ्यावर जुनं गिऱ्हाईक भेटलं, बाकावर बसून बोललो. चिमणीही बसली. तिला दोनदा ताठ बस म्हणालो. व्यायाम झाला.

१४ जून
घरात नुसतं ताईपुराण. ताई हसते कशी, ताई उडी कशी मारते. मांजरासारखी पाठ वर-खाली करायचा व्यायाम म्हणे ताईसारखा कुणालाच येत नाही. मी तिथल्या तिथे करून दाखवला. खाली गेलो तो वर येता येईना. बायकोने हात दिला. ती हसली नाही, पण मग तोंड का फिरवलं?

१७ जून
बायको म्हणाली, तुम्ही त्या बाईवर जळता. म्हणालो, मी? जळेल माझी इस्त्री.

पण डोक्यात कल्पना आलीय. जाकीट! पाठीत कॅनव्हासचे दोन थर, मध्ये कडक बकरमच्या पट्ट्या, पुढे घट्ट बांधायला बंद. अंगात घातलं की मूल आपोआप सरळ. सुंठीवाचून खोकला जाईल. मग बघू चिमणी कुणाचं नाव घेते.

२१ जून
ट्रायल. आरशात चिमणी अशी ताठ की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं. म्हणाली, श्वास घेता येत नाही. म्हणालो, सवय होईल.

२२ जून
जाकीट घालूनच ताईकडे नेलं. हेतू शुद्ध होता. जरा तिनेही बघावं.

चिमणीला खुर्चीत बसता येईना. बुटाची नाडी बांधायला वाकली ती कलंडली आणि उठता येईना. तिथे खेळायला आलेली बाकीची पोरं हसली. ती रडायला लागली. मी हात पुढे केला, तर ती ताईच्या मागे जाऊन लपली.

ताईने बंद सोडले. म्हणाली, पाठ बांधून ठेवली तर ती काम करायचं विसरते. शिवलंय मात्र सुरेख, असंही म्हणाली. तेच जास्त लागलं.

२३ जून
दुकान बंद ठेवलं. डोकं दुखतंय, बाकी काही नाही.

२६ जून
चिमणी मला माप घेऊ देत नाही. टेप दिसला की आत पळते. पोटची पोर, आणि परक्या बाईने चार उड्यांत नेली. खूप वाईट वाटतंय. लिहून टाकलं एकदाचं.

३० जून
मायलेकी बाजारातून रेडीमेड टी-शर्ट घेऊन आल्या. माझ्या घरात रेडीमेड! शिलाई वाकडी, माप ढगळ. चिमणी तो घालून अंगणात वाकली, वळली, दोरीवरच्या उड्या मारल्या. कुठेही ओढलं नाही. मी दाराआडून बघत होतो.

तिने मला पाहिलं. वाटलं, आत पळेल. तर म्हणाली, बाबा, ताईने उद्या सगळ्यांच्या आईबाबांना खेळायला बोलावलंय, तू येशील ना? म्हणालो, तसले कपडे कुठे आहेत माझ्याकडे? तिने पिशवीतून दुसरा टी-शर्ट काढला. दुकानातला सगळ्यात मोठा होता म्हणे.

घातला. पोटावर तंग.

कात्री उचलली आणि म्हणालो, थांब, बाजू उसवून पट्टी लावतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. चिमणीने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, राहू दे बाबा, होईल हळूहळू सैल.