नीलाच्या दृष्टीची मिरची

सौ. चंद्रप्रभा,

मुरुमच्या बाजाराची बातमी आणायला पहाटेच्या गाडीनं निघालो आहे. तू आणि नीला नुकत्याच झोपल्या होतात, म्हणून उठवलं नाही. उद्या परतेन.

आई आज तिन्हीसांजेला नीलाची पुन्हा दृष्ट काढणार आहे. परवा मिरच्या जाळून कुणालाच ठसका लागला नाही, तेव्हा "लई वाईट नजर लागलीय पोरीला," म्हणत तिनं विमलवहिनींकडं पाहिलं. वहिनींना मूल नाही. त्या दिवसापासून त्या नीलाला उचलत नाहीत.

ठसका लागला म्हणजे नजर नाही, हा आईचाच हिशेब. तू चुलीच्या उबेला ठेवून रुजवलेल्या आसामी बियांची पहिली मिरची मी वाळवली आहे. शेजारच्या पाशामियाँनी जिचा कणभर तुकडा चाखून तांब्याभर ताक संपवलं, तीच. तिचे तुकडे एका साध्या लाल मिरचीत भरून ती फडताळातल्या डब्यात सगळ्यात वर ठेवली आहे. ती आईच्या हाती जाईल असं बघ. नंतर हात डोळ्यांना लावू नकोस, आणि हसू आवर.

नीलाचा कान दुखतो आहे, बाकी काही नाही. डॉक्टरांनी दिलेले थेंब चुकवू नकोस.

मिरच्या चुलीत पडण्याआधी नीलाला अंगणात ने आणि वहिनींनाही तिथं बोलाव. आई ठसकत बाहेर येईल, तेव्हा नीला त्यांच्या कडेवर असू दे.

गोपाळकृष्ण